कुरतडलेलं पान: परड्यात पाखरं-फुलपाखरं यावीत म्हणून

कोल्हापुरातल्या आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कढीपत्त्यावर एकदा पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. काळपट, मधे पांढरा पट्टा. झटकायला बोट लावलं तर ती शीट सरकली! नीट बघितलं तर झाडभर तसल्या वीस-पंचवीस अळ्या. मी काय करावं? साबणाचं पाणी फवारलं. दोन दिवसांत झाड साफ. आणि पुढच्याच महिन्यात शेजारच्या काकूंशी कट्ट्यावर बसून हळहळत होतो, "आताशा फुलपाखरंच दिसत नाहीत बघा."

ती लिंबाळी फुलपाखराची पिल्लं होती. मीच मारली होती.

परड्यात फुलपाखरं यावीत म्हणून लोक फुलझाडं आणतात. फुलावर मध प्यायला फुलपाखरू येतंही, पण ते पाहुणं. दोन घोट घेऊन जातं. ते तिथं राहायचं तर मादीला अंडी घालायला जागा पाहिजे, आणि त्यासाठी ती फूल नव्हे, पान शोधते. पानावर उतरून पायानं चव घेते, पटलं तरच अंडं ठेवते. लिंबाळीला लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्याच कुळातलं पान लागतं. बिबळ्या कडव्याला रुई. बहाव्यावर पिवळसर-पांढरी भटकी फुलपाखरं अंडी घालतात. पाखरांचंही तेच. सूर्यपक्षी स्वतः मध पितो, चिमणी दाणे टिपते, पण घरट्यातल्या पिल्लांच्या चोचीत दोघंही किडे आणि अळ्याच भरवतात. म्हणजे अळी नसेल तर पिल्लू नाही. देशी झाडं लावा असं म्हणतात त्यामागं अभिमानाचा भाग थोडा आणि हा पोटापाण्याचा भाग फार. इथल्या किड्यांना इथल्या पानांची सवय आहे. परदेशी झाडाचं पान त्यातल्या बहुतेकांना खाताच येत नाही.

तेव्हा कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पान कुरतडलेलं दिसलं की चिडायचं नाही.

आधी नुसतं बघा

चैत्र-वैशाखात काही लावायची घाई नको. एक कागद घ्या, परड्याचा वेडावाकडा नकाशा काढा आणि आठवडाभर खुणा करा. सकाळचं ऊन कुठं, दुपारचं कुठं, सांडपाणी कुठं जातं, वळवाच्या पहिल्या सरीत पाणी कुठं तुंबतं. आणि जे आपोआप उगवलंय त्याची नावं विचारून घ्या. कुंपणाला गुळवेल चढलेली असते, कोपऱ्यात रुई असते, आणि आपण ती तण म्हणून उपटायच्या बेतात असतो.

माती बघणं तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण कोल्हापूर हे एका मातीचं गाव नाही. पंचगंगेकडच्या सखल भागात काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विद्यापीठाच्या माळाकडं, पाचगाव-उजळाईवाडीकडं चढलात की वीतभर मातीखाली मुरूम. पावसाचंही तसंच. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर, आणि पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर गगनबावड्यात त्याच्या पाचपट. म्हणून 'सह्याद्रीतलं झाड' एवढ्यावर भुलून राधानगरीच्या दाट जंगलातलं रोप पाचगावच्या माळावर लावलंत तर ते एप्रिलात मान टाकणार. जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या उघड्या उतारांवर काय उभं आहे ते बघा. ते आपल्या टप्प्यातलं.

तीन गोष्टी थांबवा

याला पैसा लागत नाही, आणि निम्मं काम इथंच होतं.

पाला पेटवू नका. माघ-फाल्गुनात गल्लोगल्ली पाल्याचे ढीग धुमसतात. तोच पाला झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जाड पसरून ठेवला की त्याखाली गांडुळं, वाणी किडे, कोळी राहायला येतात, आणि मग दयाळ पक्षी येऊन तो पाला उलटापालटा करत बसतो. पतंगांचे कितीतरी कोष त्या पाल्यातच असतात. आपण ते काडी लावून संपवतो.

फवारणी बंद. यात साबणाचं पाणी आणि निंबोळी अर्कही आला. बाटलीवर सेंद्रिय लिहिलंय म्हणून अळी मरायची राहत नाही. मावा पडला तर नळीच्या पाण्याच्या जोरानं धुवा आणि आठवडाभर थांबा, मावा खाणारे ढालकिडे हजर होतात. पिठ्या ढेकूण जुन्या दात घासायच्या ब्रशनं निघतो.

आणि कोबा. परडं स्वच्छ दिसावं म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी किंवा पेव्हिंग ब्लॉक घालायची आपल्याकडं साथच आहे. आधीच घातला असेल तर निदान दोन कोपरे उकरून मोकळे करा. जमिनीत बीळ करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना उघडी, कोरडी माती लागते.

काय लावायचं

नर्सरीत गेलात की पहिला गोंधळ नावांचा. "मालक, अशोक आहे का?" असं विचारलंत तर उंच सरळसोट वाढणारा, लांब नागमोडी पानांचा अशोक मिळेल. केशरी फुलांच्या झुपक्यांचा तो सीताअशोक, तो वेगळा मागावा लागतो. चाफ्याचंही तसंच. देवळासमोरचा पांढरा चाफा मूळचा मेक्सिकोकडचा, सोनचाफा आपल्याकडचा. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, गिरिपुष्प आणि घाणेरीही अमेरिका खंडातली. नावापुढं 'विलायती' लागलं की भाषेनंच आपल्याला सांगून ठेवलंय. मात्र भाषा नेहमी सांगत नाही. चिंच आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय, पण ती मूळची आफ्रिकेतली.

म्हणून आहे ते तोडा असं मी म्हणणार नाही. पेरू, पपई परदेशीच. बुलबुल त्यावर तुटून पडतात, आपणही पडतो. राहू द्यात. नवीन लावताना मात्र देशी लावा, आणि घाणेरी तेवढी काढा. तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही.

एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, एवढ्या परड्यात मोठं झाड एकच बसतं. ते निवडताना घाई करू नका, कारण शहरात स्वतःच्या दारातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते. 1975 चा कायदा आहे तसा. मला विचाराल तर बहावा, आपटा किंवा कुडा. तिन्ही आटोपशीर वाढतात, भिंतीपासून दहा फुटांवर लावले की पायाला त्रास नाही, आणि मुरमाड जमिनीतही तग धरतात. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत करंज किंवा जांभूळ. उंबर फार गुणाचा. तांबट, बुलबुल, कोकीळ, वटवाघळं, सगळ्यांची खानावळ. पण घरापासून तीस फुटांच्या आत नको. मुळं टाकीही फोडतात आणि भिंतही.

त्याच्या खाली झुडपं, आणि खरी वर्दळ असते ती इथंच. कढीपत्ता आणि कागदी लिंबू तर हवंच. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर नीलवंतही अंडी घालतं. 2015 साली महाराष्ट्रानं ज्याला राज्य फुलपाखरू ठरवलं ते, काळं मखमली, निळ्या झाकेचं, तळहाताएवढं. आपल्या राधानगरी-गगनबावड्याकडं ते सर्रास दिसतं. अडुळसा आणि निरगुडी फांदीवरून येतात, विकत घ्यायची गरज नाही. धायटी मिळाली तर सोडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत, इतर फुलं संपत आलेली असताना तिच्या फांद्या लाल फुलांनी भरतात आणि सूर्यपक्षी दिवसभर हलत नाहीत. कुंपणाला करवंद. काट्यांमुळं मांजर आत शिरत नाही, म्हणून बुलबुल त्यात निर्धास्त घरटं करतात. पिवळी कोरांटीही काट्याचीच, तिच्यावर छोट्या भिरभिऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. वेलींत गुळवेल पुरे. तिची लाल फळं बुलबुलांना फार आवडतात.

रुईला एक कोपरा द्या. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढं सांभाळायचं. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर, एरंड आणि कळलावी नकोत. तिन्ही विषारी.

आणि तेरडा. आपल्याकडं गौर येते ती तेरड्याची. पाणवठ्यावरून वाजतगाजत आणायची, पुजायची, आणि विसर्जनानंतर विषय संपला. त्यातल्या पिकलेल्या बोंडांचं बी ठेवून द्या, किंवा रानातला तेरडा भाद्रपद-आश्विनात पिकतो तेव्हा जा. बोंडाला नुसतं बोट लागलं की ते फटकन उलगडतं आणि बी उडतं, म्हणून ओंजळ खाली धरूनच हात लावायचा. हे बी काडेपेटीत ठेवून मेअखेरीस मातीवर भुरभुरलं की झालं. पुढच्या वर्षापासून तो स्वतःच येतो. तेरड्यावर शेपटीला काटा असलेली, बोटाएवढी जाड अळी दिसेल. घाबरू नका, तो काटा टोचत नाही. तिचा पुढं मोठा पतंग होतो आणि तिन्हीसांजेला फुलांसमोर हवेत थांबून मध पितो. बघणाऱ्याला तो पतंग वाटतच नाही, चिमुकलं पाखरू वाटतं.

रोपं कुठून आणायची? वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपं स्वस्त मिळतात. जूनच्या सुरुवातीलाच जा. अभयारण्यातून रोप उपटून आणू नका. एक तर तो गुन्हा, आणि दुसरं म्हणजे ते जगतही नाही. बी मात्र रस्त्याकडेच्या झाडांखालीही मुबलक पडलेलं असतं. बहाव्याचं बी टणक असतं, एका कडेला दगडावर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की उगवतं. पळस हलवलेला सोसत नाही, त्याचं बी जागेवरच टोका.

खड्डा, रोप, पाणी

खड्डे मे महिन्यात काढून ठेवा. मुरमात दोन फूट लांब, रुंद, खोल. भरायला माती, पालाखत आणि कुजलेलं शेणखत. कच्चं शेण नको, मुळं खाणारी हुमणी अळी होते. काळ्या जमिनीत उलटं करायचं. खोल खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून वीतभर उंचवटा करून त्यावर लावा.

मृगाच्या पहिल्या सरीला हुरळून जाऊ नका, नंतर पंधरा दिवस पाऊस ओढ देतो असं कितीदा झालंय. जमीन चांगली भिजली की लावा. जूनअखेर ते जुलैचा मध्य उत्तम. पिशवी फाडून काढायची, हे सांगायला लागतं कारण मी पिशवीसकट लावलेली रोपं बघितलीत. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर तेवढं कापा. सहा फुटी महागडं रोप आणण्यापेक्षा दोन फुटी आणा. तीन वर्षांत ते त्याला गाठतं. पुढचे दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली पाणी. तिसऱ्या उन्हाळ्यात हात आखडता घ्या.

नदीकाठच्या घरांना एक सांगतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 आणि 2021 ला पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. अशा परड्यात करंज, जांभूळ, उंबर ही मुळात नदीकाठचीच मंडळी लावा. पूर ओसरला की बुंध्याला बसलेला गाळ हातानं बाजूला करा, पण ओल्या काळ्या मातीत तुडवातुडव करू नका. ती दगडासारखी बसते.

पाण्याची परळ

कुंभार गल्लीतून मातीची पसरट परळ आणा. पाणी दोन बोटं, जास्त नाही. मधे एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्यांना बसता येतं, नाहीतर बुडतात. परळ अशा जागी ठेवा की सहा-सात फुटांच्या आत झुडूप असेल पण मांजराला दबा धरता येणार नाही. डासांची भीती वाजवी आहे. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी ओतून, परळ घासून पुन्हा भरा. ओतलेलं पाणी परळीशेजारीच ओता. त्या चिखलावर फुलपाखरं बसून क्षार शोषतात. चिखलासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

दाणे टाकायचे की नाही, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. माझं मत: नको. शिळा भात आणि तांदूळ टाकला की पारवे येतात, मागोमाग उंदीर, आणि उंदरांमागं कोण येतं ते पुढं आहेच. त्यापेक्षा एका पट्ट्यातलं गवत कापू नका. त्याला बी धरलं की मुनिया आपणहून येतात. चिमण्यांसाठी पेटी टांगायची तर भोक सव्वा इंचाचं ठेवा. त्याहून मोठं केलंत तर साळुंकी घुसेल.

पहिला पावसाळा

श्रावणात तुमचं परडं भकास आणि झाडोऱ्यानं भरलेलं, असं एकाच वेळी दिसेल. लावलेली रोपं गुडघ्याएवढी, आणि टाकळा, आघाडा कमरेला, खाली केना आणि घोळ. घरातले वैतागतील. सगळं उपटू नका. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, घोळीवरही एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात, आणि केना व घोळ तर आपणही खातो. आघाडा गणपतीच्या पत्रीला लागतोच. काढायचं ते गाजर गवत, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून. रोपाभोवती दीड फूट गोल तेवढा स्वच्छ ठेवा.

जळमटं सगळी झाडू नका. सूर्यपक्ष्याचं घरटं कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं असतं. शिंपी पक्षी तर दोन पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडतो, त्यातून कापूस-जाळ्याचा धागा ओवतो आणि बाहेरून त्याला गाठीसारखा गुंडा आणतो. आमच्याकडं त्यानं कोपऱ्यातल्या वांग्याच्या झाडावर घरटं केलं, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. महिनाभर त्या बाजूची वांगी आम्ही काढली नाहीत. ती पिवळी पडून बियांची झाली.

बाहेरचा दिवा रात्री गरजेपुरताच लावा. पतंग त्याभोवती फिरून दमतात आणि सकाळी पालींच्या पोटात असतात.

भुंग्यांसाठी वाळका बांबू किंवा लाकडाचा जुना ओंडका भिंतीपासून लांब ठेवून द्या, ते त्यात पोखरून घर करतात. मधमाश्यांचं छोटं पोळं झुडपात लागलं तर ते फुलोरीचं. सहसा त्रास देत नाही. आपल्याच जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात पाटगाव हे मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलंय, आणि आपण इथं पोळं दिसलं की धूर करायला धावतो. आग्या मोहोळ घराला लागलं तर मात्र स्वतः हात घालू नका.

सापाचं काय?

हा प्रश्न गल्लीतला प्रत्येकजण विचारणार, आणि त्याला हसून उडवू नका. सरळ उत्तर द्या: साप येऊ शकतो. बहुतेक वेळा धामण, उंदरांसाठी. पण नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत. म्हणून भिंतीलगत चार फुटांचा पट्टा मोकळा, बिनपाल्याचा ठेवा. विटा, लाकडं, भंगार घराला चिकटून रचू नका. पाल्याचा आणि ओंडक्यांचा ढीग पार टोकाला. मोरीच्या तोंडाला जाळी. अंधारात परड्यात जायचं तर बॅटरी आणि पायात बूट. साप दिसला तर लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा, किंवा वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन लावा. मारायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. चावलाच तर बांधाबांध, चिरणं, मंत्रतंत्र काही नको. हातपाय न हलवता थेट सीपीआर या शहरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात.

आमच्या काकूंना यातलं चार फुटांच्या पट्ट्याचं पटलं. त्यांच्या बाजूच्या भिंतीलगत मी तो आठ फुटांचा केला, मग बोलणं संपलं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गॅलरीत चार कुंड्या पुरतात. बारा इंची कुंडीत कढीपत्ता, दुसरीत लिंबू, तिसरीत तुळस (मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्यांची रांग लागते), चौथीत कोरांटी. चौथ्या मजल्यावरसुद्धा लिंबाळी येते. अळी मोठी झाली की हिरवीगार होते. तिला हळूच बोट लावून बघा, डोक्यामागून केशरी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे एकदा दाखवलंत की पुढची राखण तीच करतात. अंड्यापासून फुलपाखरू उडेपर्यंत साधारण महिना जातो.

आमच्याकडं आता कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, एक फोडणीचं आणि एक अळ्यांचं. गेल्या आठवड्यात अळ्यांच्या झाडाला एक पान उरलं नाही, तेव्हा बायकोनंच त्यातल्या सहा अळ्या डहाळीसकट उचलून फोडणीच्या झाडावर नेऊन ठेवल्या. आमटीला फोडणी त्या दिवशी नुसत्या जिऱ्या-मोहरीची.